पॉवर मेटलमध्ये गिटार मागे का ढकलली जातेय?

जुना_कॅसेटवाला

गेल्या चार-पाच वर्षांतले हेवी मेटलचे आणि पॉवर मेटलचे (म्हणजे हेवी मेटलचीच वेगवान, सुरेल शाखा) बहुतेक मोठे अल्बम मी पुन्हापुन्हा ऐकलेत. माझं मत आता पक्कं झालंय. पॉवर मेटलच्या आजच्या लोकप्रिय बँडपेक्षा सत्तरी ओलांडलेला रॉब हॅलफर्ड कितीतरी ताकदीचं मेटल देतोय, कारण त्याच्या जुडास प्रीस्ट या बँडची गाणी अजूनही रिफपासून, म्हणजे गिटारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यापासून, सुरू होतात.

त्यांच्या 'इनव्हिन्सिबल शील्ड' (मार्च २०२४) मधलं पहिलंच 'पॅनिक अटॅक' घ्या. सुरुवातीला त्यांच्याच १९८६ च्या 'टर्बो' अल्बमची आठवण करून देणारा सिंथसारखा सूर, मग हळूहळू चढत जाणारे ड्रम, आणि त्यानंतर रिफ असा घुसतो की उरलेलं गाणं त्याच्याच मागे धावतं. शब्द काढून टाका, तरी गाणं उभं राहतं. 'द सर्पंट अँड द किंग'मध्ये हॅलफर्ड वरच्या पट्टीत किंचाळतो ते ऐकून अंगावर काटा येतो, पण तिथेही त्याला उचलून धरलंय दोन गिटारींनी. त्यांचा गिटारवादक रिची फॉकनरची महाधमनी सप्टेंबर २०२१ मध्ये स्टेजवर वाजवताना फाटली होती. पठ्ठ्याने गाणं पूर्ण केलं आणि मग दहा तासांवर शस्त्रक्रिया चालली. दुसरा गिटारवादक ग्लेन टिपटन पार्किन्सन्समुळे २०१८ पासून दौऱ्यांतून बाजूला झालाय, पण या अल्बमच्या गाण्यांवर त्याचं नाव आहे. असल्या परिस्थितीत या माणसांनी एवढं काम केलंय.

आता पॉवर मेटलवाल्या पॉवरवुल्फचा 'वेक अप द विकेड' (जुलै २०२४). ऑर्गन, समूहस्वर, घोषणेसारखा कोरस (सगळ्यांनी म्हणायचं धृवपद). मंडपात सनई-चौघडा आहे, पण कानावर पडतोय डीजे, तशी गत गिटारची झालीय. सबाटनचा 'लेजंड्स' (ऑक्टोबर २०२५) ऐकताना मूठ आपोआप वर जाते, हे मान्य. पण अल्बम संपल्यावर त्यातला एक तरी रिफ गुणगुणून दाखवा.

हे टाळता येतं, याचा पुरावा ब्लाइंड गार्डियन या बँडने दिलाय. २०१९ मध्ये त्यांनी निव्वळ वाद्यवृंदाचा अल्बम काढला आणि २०२२ च्या 'द गॉड मशीन'मध्ये गिटार पुन्हा पुढे आणली. 'व्हायोलंट शॅडोज' ऐका. त्यांचा गायक हान्सी कुर्श इतका चिडून गायलेला बऱ्याच वर्षांनी ऐकला.

काळा_झगा

साफ असहमत. तुम्ही प्रीस्टच्या मोजपट्टीने पॉवरवुल्फ मोजताय.

पॉवर मेटलचा जीव कोरसमध्येच आहे, आणि हे आजचं नाही. हेलोवीन या बँडच्या 'कीपर ऑफ द सेव्हन कीज' अल्बमचे दोन भाग १९८७ आणि १९८८ ला आले, तिथून ही शैली फोफावली. त्यातलं लोकांना काय पाठ आहे? गायक किस्केचा आवाज आणि सगळ्यांनी मिळून म्हणायच्या ओळी. पॉवरवुल्फ तेच करतात, फक्त चर्चच्या ऑर्गनवर. स्टेजवर त्यांच्याकडे बास वाजवणारा नाही, पण कीबोर्डवाला फाल्क मारिया श्लेगेल ऑर्गन सोडून पुढे येऊन लोकांना गायला लावतो. बँडची रचनाच तशी आहे, त्याला तुम्ही उणीव म्हणताय.

आणि 'वेक अप द विकेड'मधलं '१५८९' हे गाणं नीट ऐकलंत का? जर्मनीत बेडबुर्गला पीटर श्टुम्प नावाच्या माणसाला लांडगा होऊन माणसं मारल्याच्या आरोपावरून त्या साली हालहाल करून मारलं. एवढा विषय चार-साडेचार मिनिटांत, अंगावर येणाऱ्या चालीत बसवलाय. अख्खा अल्बम चाळीस मिनिटांच्या आत संपतो. हल्ली इतका आटोपशीरपणा कोण दाखवतं?

ठाण्याचा_एडी

'इनव्हिन्सिबल शील्ड'बद्दल सहमत, +१. आटोपशीरपणाचा विषय निघालाच आहे तर आयर्न मेडनच्या 'सेन्जुत्सु'बद्दल (२०२१) बोला की! ऐंशी मिनिटांच्या वर लांबी, आणि शेवटची तिन्ही गाणी दहा मिनिटांपेक्षा मोठी. २००८ च्या फेब्रुवारीत मुंबईत बीकेसीच्या मैदानावर त्यांना ऐकलेला मी माणूस, मेडन माझं दैवत आहे. म्हणूनच सांगतो, त्यांचा बासवादक आणि मुख्य गीतकार स्टीव्ह हॅरिसला 'आता पुरे' म्हणणारं कुणीतरी हवं होतं. 'द पार्चमेंट'मधला तो संथ रिफ सुरुवातीला भारी वाटतो, पण तेवढ्यावर साडेबारा मिनिटं निघत नाहीत.

रेवदंडा

एडीभाऊ, 'सेन्जुत्सु'मधल्या 'हेल ऑन अर्थ'ला त्याच माळेत ओवू नका. सुरुवातीची शांत गिटार दोन मिनिटं चालते, म्हणूनच पुढे घोडदौड सुरू होते तेव्हा छाती भरून येते. ती दोन मिनिटं कापलीत तर गाणंच मेलं. 'डेथ ऑफ द केल्ट्स'बद्दल मात्र तुमच्याशी सहमत, त्यात जुन्या मेडनची उजळणी जास्त आहे.

जुना_कॅसेटवाला

@काळा_झगा, 'कीपर'चा दाखला तुम्हीच दिलात ते बरं झालं. किस्के गातो तेव्हा त्याच्यामागे गिटारवर काई हान्सेन आणि मिखाएल वाइकाथ काय वाजवतायत ते ऐका. दोन गिटारींची ती जुगलबंदी काढली तर कोरसला चढायला पायरीच उरत नाही. माझा राग कोरसवर नाहीच, कोरससाठी गिटारला कोपऱ्यात बसवण्यावर आहे.

ताजा हेलोवीन बघा ना. 'जायंट्स अँड मॉन्स्टर्स' (ऑगस्ट २०२५) मध्ये किस्के, डेरिस, हान्सेन असे तीन गायक आहेत, तरी 'युनिव्हर्स'मध्ये आठ मिनिटांहून अधिक वेळ गिटार कुणालाही दबत नाही. 'अ लिटल इज अ लिटल टू मच' मला पचलं नाही, ते रेडिओसाठी केल्यासारखं गोड आहे. पण अख्खा अल्बम त्यांच्या २०२१ च्या अल्बमपेक्षा घट्ट बांधलाय.

बंगळूरकर_मराठी

सगळी चर्चा युरोपातच फिरतेय. आमच्या बंगळूरच्या क्रिप्टोस बँडचा 'डेसिमेटर' (२०२४) कुणी ऐकलाय की नाही? १९९८ पासून ही मंडळी वाजवतायत, जर्मनीतल्या वाकेन या मोठ्या मेटल महोत्सवाला जाऊन आलीत. आवाज घोगरा, खरखरीत. गिटारी मात्र अस्सल ऐंशीच्या दशकातल्या, दोन्ही हातात हात घालून चालणाऱ्या. कॅसेटवाले, तुम्हाला जे हवंय ते इथे आहे. कीबोर्डचा गिलावा नाही आणि समूहस्वरांची गर्दीही नाही.

काळा_झगा

क्रिप्टोस ऐकलाय, आवडलाय. पण त्याला कुणी पॉवर मेटल म्हणणार नाही, त्यामुळे मूळ मुद्दा तिथेच राहतो.

हेलोवीनबद्दल सांगायचं तर २०२१ च्या अल्बमचा शेवट हान्सेनच्या 'स्कायफॉल'ने होतो. बारा मिनिटं, तिघांचे आवाज एकमेकांना भिडतात. तसं एकही गाणं नव्या अल्बममध्ये नाही. 'युनिव्हर्स' चांगलं आहे, पण ते सोलोसाठी (एकट्या गिटारच्या वादनासाठी) कोण ऐकतं? किस्के वरच्या सुराला जातो त्या जागेसाठी आपण ते परत लावतो. तुम्हीही तिथेच आवाज वाढवत असणार, कॅसेटवाले.

जुना_कॅसेटवाला

आवाज वाढवतो, पण सोलोला. 'स्कायफॉल' मोठं गाणं आहे हे मान्यच, पण त्याआधीची चार-पाच गाणी मी सरळ पुढे ढकलतो. नव्या अल्बममध्ये ढकलावं असं एकच आहे, ते वर सांगितलंय. उरलेली सगळी सलग ऐकून मग बोला.