शब्दचर्चा: ‘मार्गदर्शक’, ‘पालक’ की आणखी काही?

प्रश्न
नागपुरात आम्ही एमबीबीएसचे काही विद्यार्थी अकरावी-बारावीच्या मुलांना ‘नीट’ या प्रवेश परीक्षेपासून कॉलेजात नंबर लागेपर्यंत सोबत करायचं म्हणतोय. एका मुलामागे एक सीनियर. कुणी माडिया आदिवासी, कुणी कोलाम आदिवासी, कुणी भटक्या जमातीतलं, काही इथल्याच बौद्ध वस्त्यांमधली. घरात-वस्तीत डॉक्टर झालेलं कुणी नाही. पत्रकावर सीनियरला काय म्हणावं? आणि मुलांसाठी एकाने ‘अल्पसंख्याक विद्यार्थी’ सुचवलंय, ते चालेल का?

प्रतिसाद १
‘अल्पसंख्याक’ नको. आपल्याकडे तो कायद्यातला शब्द आहे: मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन. माडिया पोरगा त्यात बसत नाही. बौद्ध पोरगी बसते, पण १९९० च्या दुरुस्तीमुळे ती अनुसूचित जातीतही येते. पत्रक वाचून तिचे वडील भलताच दाखला काढायला धावतील. ‘वंचित’ म्हणाल तर लोक आधी पक्ष विचारतील. ‘घरातले पहिले डॉक्टर होऊ पाहणारे’ असं सरळ लिहा ना.

प्रतिसाद २
‘मार्गदर्शक’चा अर्थ ठीक आहे, पण वापरून वापरून तो शब्द पार झिजलाय. ‘मान्यवरांनी मार्गदर्शन केले’ म्हणजे कुणीतरी भाषण ठोकलं, शाल-श्रीफळ घेतलं आणि गेलं. ‘पालक’ म्हणाल तर मुलाचे मायबाप हयात आहेत, आणि तुम्ही स्वतःच अजून विशीत. ‘दत्तक’ तर तोंडातून काढूच नका.

त्यापेक्षा सीनियर नेमकं करणार काय ते बघा. १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबरला ४ आणि चुकलं की १ वजा, हे कोणताही क्लास शिकवतो. पेपर मराठीतून घ्यायचा की इंग्रजीतून, हे मात्र फॉर्म भरतानाच ठरवावं लागतं; मराठीतून घेतला तरी पुढे एमबीबीएसची पुस्तकं इंग्रजीतच आहेत, हे आधी कानावर घालणारं कुणी हवं. सरकारी कॉलेजातल्या १५ टक्के अखिल भारतीय जागांचा फॉर्म वेगळा, ८५ टक्के राज्याच्या जागांचा वेगळा.

आणि खरी दमछाक व्हॅलिडिटीची, म्हणजे जात पडताळणीच्या दाखल्याची. अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा पुरावा, विमुक्त-भटक्यांना १९६१, ओबीसींना १९६७. म्हणजे पणजोबाचा शाळेतला दाखल-खारीज उतारा शोधा, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींची, म्हणजे कोतवाल बुकाची, नक्कल काढा. पणजोबा शाळेतच गेले नसतील तर आणखी पंचाईत. ज्यांचा तांडा गावोगाव फिरत होता, त्यांनी कोणत्या गावचं रजिस्टर धुंडाळायचं? निकालानंतर ही धावपळ सुरू केली की प्रवेशाची फेरी हातची जाते. अर्ज अकरावीतच टाकायला हवा. कोष्टी हे हलबा म्हणून अनुसूचित जमातीत मोडतात का, हे प्रकरण २००० साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं, त्याच्या मुळाशीही एमबीबीएसचा एक प्रवेशच होता. नागपूरकरांना हे मी काय सांगू!

एवढं सगळं करणारा माणूस ‘वाटाड्या’. रस्ता तोंडाने सांगून घरी जात नाही, स्वतः गेलेल्या वाटेवरून पुढे चालतो. माझं मत या शब्दाला.

प्रतिसाद ३
मला ‘पाठराखीण’ आठवली. नव्या नवरीसोबत सासरी जाते ती. पोरगं परक्या घरातच तर चाललंय. पण ती चार दिवसांनी परत येते, तुम्हाला काही वर्षं राहायचंय. म्हणून वाटाड्याच.

प्रतिसाद ४
जरा विषयांतर. पत्रकात ‘मेडिकलला जाण्यासाठी मदत’ असं लिहू नका बाप्पा! नागपुरात मेडिकल म्हणजे १९४७ चं शासकीय कॉलेज आणि त्याचं हॉस्पिटल. ‘पोट्टा मेडिकलला आहे’ म्हटलं की समोरचा विचारतो, ‘काहून, काय झालं त्याले?’ मेयो, म्हणजे इथलं दुसरं सरकारी हॉस्पिटल, म्हटलं तरी तेच. बाकी महाराष्ट्रात मेडिकल म्हणजे औषधाचं दुकान. ‘एमबीबीएस प्रवेश’ लिहा, म्हणजे कुणी डबा घेऊन वॉर्डात पोचणार नाही.

प्रश्नकर्ता
‘एमबीबीएस प्रवेश’ पक्कं. ‘वाटाड्या’ही आवडला, पण आमच्यात निम्म्याहून जास्त मुली आहेत.

प्रतिसाद २
‘वाटाडी’ व्याकरणात बसेल, पण मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. पत्रकावर अनेकवचन घ्या, ‘आमचे वाटाडे’, त्यात सगळे आले. समोरासमोर तशीही मुलं ताई आणि दादाच म्हणणार.