मदत हवी आहे: आठवी-नववीच्या मुलींना पैशाचे व्यवहार कसे शिकवावेत?

नमस्कार मंडळी. बँकेत ३१ वर्षं काढून निवृत्त झाले. सध्या पर्वती पायथ्याजवळच्या एका शाळेत मुलींचा दर शनिवारी एक तास घेते. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, 'बँकेतल्या आहात, चार गोष्टी सांगा,' आणि मी हुरळून हो म्हटलं.

पहिल्याच दिवशी फळ्यावर 'बचतीचे महत्त्व' लिहिलं. पाच मिनिटांत मागच्या बाकावर जांभया. चूक माझीच. यातल्या बऱ्याच जणींच्या आया धुणीभांडी, पोळ्यांची कामं करतात. महिनाअखेरीला पाचशे रुपये कसे पुरवायचे हे या पोरींना माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना मी कसली काटकसर शिकवणार!

पुढच्या शनिवारी खडू त्यांच्याच हातात दिला. भिशी, बचत गट, सोनं, किराणावाल्याची उधारी, सगळं निघालं. एक म्हणाली, 'आईने दहा हजार घेतलेत, शेकडा तीनने. बँकेपेक्षा स्वस्त.' म्हटलं, अगं, महिन्याला की वर्षाला? फळ्यावर मांडलं: महिन्याला ३००, वर्षाला ३,६००, मुद्दल जिथल्या तिथे. म्हणजे ३६ टक्के! वर्ग चिडीचूप. धडा पोचला म्हणून मी खूश, पण ती मुलगी तास संपेपर्यंत मान वर करेना. ते अजून टोचतंय.

आणि तिसऱ्या शनिवारचा हा प्रश्न: 'मॅडम, खात्यात टाकले तर पप्पा काढतात ना? मग डब्यातच बरे.' दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू द्यायला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे, हे मी ठणकावून सांगितलं. जवळच्या शाखेत चौकशीला गेले तर साहेब म्हणाले, 'वडिलांना घेऊन या.' आता शनिवारी कोणत्या तोंडाने जाऊ?

तर, अशी खाती प्रत्यक्षात कुणी उघडली आहेत का? आणि उदाहरणं खरी हवीत, पण कुणाचं घर वर्गात उघडं पडायला नको, हे कसं जमवायचं? पीपीटी पाठवू नका, वर्गात प्रोजेक्टर नाही.

कसबेकर:
ताई, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण रकमेची मर्यादा आणि अटी प्रत्येक बँक आपापल्या ठरवते. शाखेत वाद घालण्यापेक्षा पोस्टात जा. दहा वर्षांवरच्या मुलीला तिथे स्वतःच्या नावाने बचत खातं काढता येतं, सुरुवात ५०० रुपयांनी. बँकच हवी असेल तर पालक म्हणून आईचं नाव चालतं. वडीलच हवेत असा नियम नाही. तसं लेखी मागा, साहेब मऊ होतात.

तुळशीबागवाली:
मी वस्तीतल्या अभ्यासिकेत शिकवते. एक खोटी मावशी तयार करा. तिचा पगार, तिची भिशी, तिचं कर्ज. मुली घरचंच बोलतात, पण मावशीच्या नावावर. शिवाय लक्ष्मी रोडवरची दागिन्याची जुनी पावती न्या, नाव-पत्ता खोडून. सोन्याचा भाव वेगळा, घडणावळ वेगळी. मोडीत घडणावळ परत मिळत नाही, हे कळलं की डोळे विस्फारतात. आणि मोबाइल विसरू नका. पैसे यायला पिन कधीच लागत नाही, मागितला तर फोन ठेवायचा. फसगत झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

धागाकर्ती:
मावशी फार आवडली. नाव मुलींनाच ठेवू देते. त्या मुलीला वर्गाबाहेर गाठून बोलेन, हेही ठरवलंय. सोमवारी पोस्टात जाते. कसबेकर, एक अडचण: दोघींच्या आधारवरची जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी जुळत नाही. आधी आधार दुरुस्त करावं लागेल, की दाखल्यावर भागेल?