व्हिएतनाम वर आहे, पण मोजलं कुणाला?

काठावरचा: काल ‘सरळरेघ’ यांनी ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय शालेय चाचणीबद्दल लिहिलं, “पिसाच्या गणितात व्हिएतनाम अमेरिकेच्या वर. म्हणजे पैसा लागत नाही, शिस्त लागते.” रात्रभर डोक्यात राहिलं, म्हणून लिहितोय. २०१२ला व्हिएतनामचे ५११ आणि अमेरिकेचे ४८१, हे खरं. पण पिसा फक्त शाळेत असलेल्या पंधरा वर्षांच्या मुलांना तपासते, तीही किमान सातवीत पोचलेली हवीत. व्हिएतनामचा नमुना त्या वयाच्या जेमतेम ५६ टक्के मुलांचा होता. उरलेली मुलं सरासरीत नाहीतच. २०१८ला चीन पहिला आला तो बीजिंग, शांघाय, जियांग्सू आणि झेजियांग या चारच ठिकाणांच्या जोरावर. याला देशांची तुलना म्हणायचं?

सरळरेघ: मग मोजणंच बंद करायचं का? पिसाच्या २००९च्या फेरीत तामिळनाडू आणि हिमाचल ७४ सहभागींत तळाच्या तिघांत होते. आपण काय केलं? प्रश्न आपल्या परिस्थितीला धरून नाहीत म्हणालो आणि बाहेर पडलो. तुमच्यासारखे युक्तिवाद अशाच वेळी कामाला येतात.

खडूवाली: त्या तक्रारीत तथ्य असू शकतं. मी चौदा वर्षं गणित शिकवलं. सहावीतला एक मुलगा तीन अंकी भागाकार तोंडी करायचा. तेच शाब्दिक उदाहरण कागदावर दिलं की पहिल्या ओळीवर बोट ठेवून अक्षरं लावत बसायचा, तेवढ्यात वेळ संपायची. त्याचा शून्य गणितातला की वाचनातला?

सरळरेघ: बाई, एका मुलावरून देश ठरत नाही.

खडूवाली: एका सरासरीवरून तो मुलगाही कळत नाही.

मुलीची_आई: आकडे राहू द्या, फिनलंडकडे बघा. गृहपाठ नगण्य, तरी मुलं हुशार. माझी मुलगी रात्री साडेदहापर्यंत एकच उत्तर दहा-दहा वेळा लिहिते. शाळेत विचारलं तर म्हणाले, सवय लागते.

सरळरेघ: फिनलंडचे गणिताचे गुण २००३ला ५४४ होते, २०२२ला ४८४. गृहपाठ तेव्हाही कमी, आताही कमी. मग गुण कशाने घसरले?

मुलीची_आई: मला फिनलंडशी घेणं नाही. मुलीच्या झोपेशी आहे.

काठावरचा: मग फिनलंड आणलं कुणी? ताई, तुमचं दुखणं खरं आहे, पण त्याला फिनलंडची साक्ष लागत नाही.

मुलीची_आई: साक्षीशिवाय ऐकतं कोण? शाळेत नुसतं ‘मुलगी दमते’ म्हटलं की हसतात. परदेशाचं नाव घेतलं की निदान वहीत नोंद करतात. तुम्ही बसून आकडे सोला, उद्याचा निबंध आम्हालाच लिहून घ्यायचाय.

सरळरेघ: यात काही तुलना उरली का? काठावरचा, तुम्हाला नेमकं हवंय तरी काय?

काठावरचा: आपल्याकडचं ‘असर’ हे शैक्षणिक सर्वेक्षण २००५पासून करतं तसं. ते गावात घरी जाऊन विचारतात, त्यामुळे शाळा सोडलेलं पोरही हाती लागतं. तिसरीतल्या मुलाला दुसरीचा उतारा वाचता येतो का, एवढा साधा प्रश्न. क्रमांक लावण्याआधी यादीत कोण नाही ते छापा.

खडूवाली: तो भागाकारवाला आठवीत शाळा सोडून गेला. पंधराव्या वर्षी तो पिसाला कुठून सापडणार?

सरळरेघ: ठीक आहे, व्हिएतनामवरून काढलेला निष्कर्ष मागे घेतो. पण परीक्षेतून बाहेर पडलो ते चुकलंच, यावरून मी हलणार नाही.