खरखरीमागे कोण लपतंय?

चौथा_ट्रॅक
'शुद्धस्वर' यांनी काल फर्मान काढलं: भूमिगत ब्लॅक मेटलवाल्यांना (हेवी मेटलची काळोखी शाखा) वाजवता येत नाही, म्हणून ते रेकॉर्डिंगच्या खरखरीमागे लपतात आणि वर त्याला वातावरण म्हणतात. प्रतिसाद लांबला, म्हणून वेगळा धागा.

नॉर्वेच्या डार्कथ्रोन या ब्लॅक मेटल बँडचा १९९१ चा पहिला अल्बम ऐका. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत केलेलं, वळणावळणाचं, चांगलं घोटलेलं डेथ मेटल, म्हणजे मेटलचाच दुसरा पंथ. त्याच मंडळींनी पुढे 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' (१९९४) घरच्या फोर-ट्रॅकवर, म्हणजे चार ट्रॅकच्या साध्या टेप रेकॉर्डरवर केला. वाद्यं सगळी एकट्या फेनरिझची, नॉक्टर्नो कल्टोचा फक्त गळा. येत होतं ते जाणूनबुजून सोडलं. आणि तो एकच ठेका गाणंभर न ढळता वाजवून दाखवा, मग बोलू.

शुद्धस्वर
मनगट भरून येणं म्हणजे संगीत नव्हे. डार्कथ्रोननं सोडलं, कारण सोडायला हातात काही होतं. त्यांचं नाव घेऊन बेडरूममध्ये बसलेल्यांकडे काय आहे सोडायला? आणि मेहेम या नॉर्वेच्याच बँडचा 'दे मिस्टेरिस' हा अल्बम सोयीस्कर विसरलात. बर्गनच्या ग्रिगहालेन या संगीतसभागृहात, निर्माता पिट्टनच्या देखरेखीखाली झालेलं काम. ड्रमर हेलहॅमरचा एकेक घाव सुटा ऐकू येतो, मागे त्या जागेची घुमण. वातावरण कुठे कमी पडलं?

हिमदंश
दोघांनीही गिटारबद्दल अवाक्षर काढलं नाही, कमाल आहे. दोन स्वरांचा पॉवर कॉर्ड सोडून पूर्ण कॉर्ड धरायचा, एकेक तार सुटी छेडत जायची, वर डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाटवलेला आवाज. मेहेमचा गिटारवादक युरोनिमस आणि थॉर्न्स या बँडचा स्नोरे रूक यांनी ही तऱ्हा रुजवली. डिस्टॉर्शनमध्ये स्वर एकमेकांत घुसतात आणि कोणीच न वाजवलेली एक चाल वर तरंगायला लागते. खालचा बास कमी केला की ती आणखी ठळक होते. वातावरण तिथे बनतं, खरखरीत नाही. आमच्या ड्रमरनं एकदा सगळं मिक्सिंग 'स्वच्छ' करून आणलं आणि ती चालच गायब! तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे, पण तो विषय वेगळा.

क्रोमटेप
वातावरणाचं मला सांगू नका. एका लेबलकडून मर्यादित प्रतींची कॅसेट मागवली. हाताने घातलेला नंबर, पाकिटावर मेणाचा शिक्का, सगळा थाट. बी साइड कोरी! कळवलं तर उत्तर काय, तर ती शांतता कलाकृतीचाच भाग आहे. आणि ए साइड गोधडीत गुंडाळून वाजवल्यासारखी.

चौथा_ट्रॅक
गोधडी तुमच्या डेकमध्ये असेल. हेडचा अ‍ॅझिमथ, म्हणजे टेपशी असलेला कोन, तपासलात? जरा तिरकं बसलं की वरचा सगळा आवाज जातो.

क्रोमटेप
माझा डेक, माझं मी बघीन. बाकीच्या कॅसेट उत्तम वाजतात.

हिमदंश
डॉल्बी, म्हणजे टेपची खरखर दाबणारं बटण, चालू असेल. टेप डॉल्बीविना भरली असेल तर असाच दबका आवाज येतो. बंद करून बघा.

क्रोमटेप
बंदच आहे!! मला काय दुधखुळा समजता? फसवलं त्या लेबलनं आणि उलटतपासणी माझी?

हिमदंश
मदत करायला गेलो, चुकलं. चालू द्या.

शुद्धस्वर
धागा वादनावर होता असं अंधूक आठवतं. असो. 'हंगर' पुन्हा ऐकून आलो. ठेका ढळत नाही, मान्य. ताल मोजणाऱ्या मेट्रोनोम यंत्राचाही ढळत नाही.

चौथा_ट्रॅक
मेट्रोनोम रिफ, म्हणजे गिटारची फिरून येणारी ओळ, लिहीत नाही. तसे आपणही लिहिलेले ऐकिवात नाहीत.

शुद्धस्वर
वैयक्तिक व्हायची वेळ आली म्हणजे मुद्दे संपले.

क्रोमटेप
अ‍ॅझिमथचा स्क्रू जरासा फिरवला. कॅसेटच वाकड्या हेडवर भरलेली होती, म्हणजे डेक निर्दोष, नोंद घ्यावी. आता सगळं लख्ख ऐकू येतंय, ड्रमची हाय-हॅट झांजसुद्धा.

ठेक्यात नाहीये.

शुद्धस्वर
बोला आता.

चौथा_ट्रॅक
स्क्रू परत फिरवा.