लॅम्बर्ट हिमनदी की ‘बेकर थ्री’? नाव कुणाचं असावं?

हिमरेषा (धागाकर्ती):
पूर्व अंटार्क्टिकातली लॅम्बर्ट ही जगातल्या सर्वांत मोठ्या हिमनद्यांपैकी एक. मार्च १९४७ मध्ये अमेरिकी नौदलाच्या ‘ऑपरेशन हायजंप’ या अंटार्क्टिका मोहिमेतल्या एका विमानाने या किनाऱ्यावर तीन उड्डाणं करून फोटो काढले. विमान आणि तुकडीचं सांकेतिक नाव ‘बेकर थ्री’. १९५२ मध्ये अमेरिकी भूगोलतज्ज्ञ जॉन रॉस्को यांनी त्या फोटोंवरून हिमनदीच्या कडा आखल्या आणि तिला तुकडीचंच नाव दिलं. १९५६ च्या अमेरिकी नामसूचीत ते छापूनही आलं. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नामसमितीने आपल्या राष्ट्रीय नकाशा खात्याचे संचालक ब्रूस लॅम्बर्ट यांचं नाव लावलं आणि तेच रूढ झालं. शोध एकाचा, पाटी दुसऱ्याची! मूळ नाव परत यावं.

नकाशेवाला:
साफ असहमत. हायजंपचे फोटो म्हणजे एक कॅमेरा सरळ खाली, दोन तिरके, क्षितिज ते क्षितिज टिपलेली पट्टी. त्यावरून नकाशा काढायचा तर फोटोत ओळखू येणारे आणि जमिनीवर अक्षांश-रेखांश मोजलेले बिंदू लागतात. तेच अपुरे होते. म्हणून तर पुढच्या उन्हाळ्यात, १९४७-४८ ला, ‘ऑपरेशन विंडमिल’ हेलिकॉप्टरं घेऊन असे बिंदू मोजायला गेलं. बिंदू नसले की आकार ठीक दिसतो, पण जागा आणि माप चुकतं. तिरक्या फोटोत डोंगराआडचा भाग तर दिसतच नाही. रॉस्कोंचं नाव सूचीत होतं, छापील नकाशावर नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या मोहिमेने १९५६ ला या भागाचं मॅपिंग केलं. नकाशावर जे येतं तेच लोक वापरतात.

हिमरेषा:
मग १९५६ च्या मोहिमेतल्या कुणाचं तरी नाव द्यायचं होतं, खात्याच्या साहेबांचं कशाला? ऑस्ट्रेलिया या भूभागावर हक्क सांगत होता आणि ते दावे गोठवणारा अंटार्क्टिक करार १९५९ चा. तेव्हा नाव लावणं म्हणजे कुंपण घालणंच होतं.

खारेवारे:
साहेबांची नावं तिकडे पूर्वापार आहेत. १९०८ ला दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर सापडलेल्या हिमनदीला ब्रिटिश शोधप्रवासी शॅकल्टनने मोहिमेला पैसा पुरवणाऱ्या उद्योगपती विल्यम बीअर्डमोर यांचं नाव दिलं. ब्रिटनने २०२१ मध्ये पश्चिम अंटार्क्टिकातल्या गेट्झ भागातल्या नऊ हिमनद्यांना क्योटो, पॅरिस, बाली, ग्लासगो अशी हवामान परिषदांच्या शहरांची नावं दिली. मला तेही प्रचाराचं पत्रक काढल्यासारखं वाटतं, पण निदान व्यक्तिपूजा टळली. बाकी, नाव बदलून देईल असं एकच आंतरराष्ट्रीय कार्यालय नाहीच. प्रत्येक देशाची समिती नावं ठरवते आणि ‘स्कार’ ही अंटार्क्टिक संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था ती सगळी एका सूचीत नोंदवते. एकाच जागेची अनेक नावं त्यात सुखाने नांदतात.

नकाशेवाला:
खरा घोळ हद्दीचा आहे. प्रिन्स चार्ल्स पर्वतरांगेच्या दक्षिणेकडे मेलर आणि फिशर या हिमनद्या लॅम्बर्टला मिळतात. पुढे तो बर्फ आमेरी आइस शेल्फ होऊन प्रिड्झ उपसागरात तरंगतो. कुणी आमेरी धरून लांबी सांगतं, कुणी वगळून, म्हणून आकडे जुळत नाहीत. आपलं भारती संशोधन केंद्रही याच उपसागराच्या काठी, लार्समन टेकड्यांत आहे. तिथे काम करणाऱ्याला हद्द नेमकी हवी. पाटीवर कुणाचं नाव आहे याने काही अडत नाही.

हिमरेषा:
हद्दीचं मान्य. पण काहीच अडत नसेल, तर सूचीत मुख्य नावाच्या जागी बेकर थ्री लिहायला तुमची हरकत कशाला?