'मुलं वर्षभरात फ्रेंच आपोआप उचलतात' हा सल्ला देणं थांबवा

सांजवेळ : कालच्या धाग्यावर 'इंटरनॅशनल शाळेच्या फ्रेंच विभागात बिनधास्त घाला, वर्षभरात आपोआप येते' असं वाचलं आणि राहवलं नाही. मैदानावरची फ्रेंच येते. इतिहासाच्या उत्तराची फ्रेंच वेगळी. द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी हा फरक १९७९ मध्येच मांडला. बोलण्यापुरती भाषा साधारण २ वर्षांत येते, अभ्यासाची यायला ५ ते ७ लागतात. माझा मुलगा वर्गात गप्प बसायचा आणि बाई म्हणायच्या, छान रमलाय!

गणितवेडा : १९६५ मध्ये कॅनडातल्या क्यूबेक प्रांतातल्या सेंट लॅम्बर्टमध्ये इंग्रजी घरांतली मुलं बालवाडीपासून फ्रेंचमधून शिकू लागली. इंग्रजी वाचन आधी मागे पडलं, नंतर बरोबरीला आलं. एका मुलावरून सगळ्यांना घाबरवू नका.

सांजवेळ : तिथे वर्गात सगळेच नवशिके होते. इथे शेजारच्या बाकावर जन्मापासून फ्रेंच बोलणारी मुलं असतात. तुलनाच चुकीची आहे.

दवबिंदू : खरा छळ दिक्तेचा, म्हणजे ऐकून बिनचूक लिहायच्या श्रुतलेखनाचा. चुकीगणिक गुण कापतात. माझी मुलगी फ्रेंचमध्ये गोष्टी रचून सांगते, आणि वहीत लाल शाईने शून्य.

खटपट्या : दिक्तेला नावं ठेवू नका. फ्रेंच क्रियापदांचे कितीतरी शेवट ऐकूच येत नाहीत, एकवचन-अनेकवचन कानाला सारखंच. लिहून घेतल्याशिवाय व्याकरण बसणार कसं? पुढे ब्रव्हे परीक्षेतही (फ्रेंच शाळांतली, साधारण पंधराव्या वर्षीची) दिक्ते आहेच.

दवबिंदू : मग चूक दाखवा ना, शून्य कशाला? शाळेत जायचं नाही म्हणून रडणाऱ्या पोरीला समजावलंय कधी?

खटपट्या : समजावलंय, दोघांना. उगाच अंगावर येऊ नका. शून्य मलाही पटत नाही. दिक्ते मात्र हवीच.

गणितवेडा : धागा शुद्धलेखनात अडकला. सांजवेळ, वर्षभरात येत नाही, एवढं मान्य. पण म्हणून मुलाला मधेच काढायचं?

सांजवेळ : काढा असं कुठे म्हटलं? प्रवेशाआधी विचारा : नवख्या मुलांना फ्रेंचचे जादा तास किती, घेतं कोण, आणि मुलाचं गणित अडलंय की भाषा, हे कसं तपासता? माझ्या मुलाला 'गणितात कच्चा' ठरवलं होतं. तोच प्रश्न मी घरच्या भाषेत विचारला, त्याने लगेच सोडवला. ही तपासणी शाळेने करायला हवी होती.