पन्हाळा–पावनखिंड वाटेवर माउंटन बाईक: हवी की नको?

चाकवाट

मागच्या रविवारी या वाटेवरच्या मसाई पठारावर सायकल घेऊन गेलो होतो. खोतवाडीच्या बाजूला उतरायच्या आधी एक ट्रेकिंगचा ग्रुप भेटला. त्यातले एक वयस्कर काका अगदी शांतपणे म्हणाले, "बाळा, ही महाराजांची वाट आहे. हिच्यावर चाकं घालू नकोस." मी वाद घातला नाही. सायकलवरून उतरलो आणि ती हातात धरून त्यांच्यासोबत अर्धा तास चाललो. पण ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून माझी बाजू मांडतो.

माझं मत सरळ आहे. पावसाळा आणि फुलांचा हंगाम सोडून, म्हणजे डिसेंबर ते मे, पन्हाळा ते पावनखिंड या वाटेवर सायकलला मोकळीक असावी.

सिद्दी जौहरचा वेढा चार महिने पडला होता. १२ जुलै १६६० च्या रात्री महाराज पन्हाळ्याच्या राजदिंडी या वाटेनं बाहेर पडले आणि भर पावसात याच डोंगरांतून विशाळगडाकडे निघाले. शिवा काशीद यांनी प्रतिरूप होऊन पालखीत बसून प्राण दिले, दुसऱ्या दिवशी घोडखिंडीत बाजीप्रभूंनी. हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय. पण गाडीनं पन्हाळा आणि पावनखिंड एका दिवसात बघून घरी येणाऱ्याला या दोन ठिकाणांच्या मधे काय आहे ते कळतच नाही. मला ते कळलं सायकलवर. म्हाळुंग्याच्या चढावर छाती भरून येते, पठारावर जांभ्याच्या खळग्यांमुळे हँडल मनगटात थरथरत राहतं, आणि पुढच्या प्रत्येक ओढ्यात उतरून पुन्हा चढताना मनात येतं, ही माणसं हे अंतर अंधारात, चिखलात, खांद्यावर पालखी घेऊन कशी गेली असतील? पन्नास-साठ किलोमीटर सलग चालणं सगळ्यांना झेपत नाही. मला झेपत नाही, माझा गुडघा गेलाय. सायकलवर तोच गुडघा साथ देतो.

राहिला जमिनीच्या झिजेचा मुद्दा. अमेरिकेत माँटाना राज्यात १९९४ साली पायी चालणारे, घोडे, मोटारसायकल आणि सायकल यांची तुलना झाली होती. भिजवलेल्या वाटेवरची माती सगळ्यात जास्त सुटी केली ती घोड्यांनी आणि माणसांच्या पायांनी, चाकांनी नव्हे. इथे तर जीपगाड्या थेट पठारावर चढतात, आणि अडवलं जातं सायकलवाल्याला. २०२५ मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आता गर्दी वाढणार आहे. ती सगळी चारचाकीतून यावी, असं आपल्याला हवंय का?

सड्यावरचा

चाकवाट, तुमच्या भावनेबद्दल शंका नाही. पण "डिसेंबर ते मे मोकळीक" यातच खरी गडबड आहे. फुलं गेली म्हणजे पठार रिकामं झालं, असं तुम्ही धरून चालला आहात.

मी बरीच वर्षं सड्यांवरच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवरच्या, वनस्पती बघत फिरतो. मसाईवर गुडघे टेकून बघा. जांभ्याच्या उथळ खळग्यात बोटाच्या एका पेराइतकी माती असते, कुठे तेवढीही नाही. सप्टेंबरात त्या पेरभर मातीत सीतेची आसवं, गेंद आणि दवबिंदू एकमेकांना खेटून उभे असतात. दवबिंदू किडे खातं, सीतेची आसवं पाण्यातले बारीक जीव धरतात, कारण या मातीत नत्रच नाही. असली माती तयार व्हायला किती काळ लागला असेल, याचा विचार करा. डिसेंबरनंतर वर काही दिसत नाही, पण पुढच्या वर्षाचं सगळं बी आणि जमिनीखालचे कंद त्याच पेरभर थरात पडून असतात. तो थर तेव्हा भुकटीसारखा कोरडा असतो. मागचा ब्रेक आवळून चाक घसरलं की भुकटी उडते आणि खालचा दगड उघडा पडतो. जूनचा पहिला पाऊस त्या रेषेतून ओहोळासारखा वाहतो, उरलेलं घेऊन जातो. फेब्रुवारीत उठलेली टायरची रेष मी पुढच्या गणपतीत बघितली आहे. दोन्ही बाजूंना जांभळं फुललेलं, आणि मधोमध हातभर लांब नागडा दगड.

दुसरं, सुटे दगड. उडी मारायला चढण हवी म्हणून पोरं दगड गोळा करून रचतात. त्या प्रत्येक दगडाखाली कुणीतरी राहत असतं: विंचू, पाली, फुरसं.

माँटानाच्या अभ्यासाबद्दल: तो मी वाचलाय. तिथे जमिनीच्या ठरावीक तुकड्यांवरून शंभर वेळा जाऊन मोजमाप केलं होतं, आणि ती डोंगरातली मातीची वाट होती. जांभ्यावरच्या पेरभर थराला तो लावता येत नाही. जीपचं म्हणाल तर पूर्ण मान्य, त्या आधी बंद व्हायला हव्यात. पण जीपनं दहा हात उखडलं म्हणून आपण एक हात उखडावं, हे मला पटत नाही.

आषाढवारी

मी एकोणीस वर्षं आषाढात ही वाट चालतो. पहिल्यांदा वडिलांचं बोट धरून चाललो होतो, आता माझी मुलगी सोबत असते. काकांनी तुम्हाला जे सांगितलं तेच माझंही म्हणणं आहे, फक्त कारण सांगतो.

खिंडीत पोचल्यावर आम्ही कुणी बोलत नाही. पावसाचा आणि कासारीच्या पाण्याचा आवाज असतो तेवढाच. पाय सुजलेले, खांदे गेलेले. त्या थकव्यातूनच तिथं डोकं टेकतं. ती वाट वेगाची नाही. हेल्मेटला कॅमेरा लावून "उतार किती मिनिटांत मारला" याचे व्हिडिओ त्या वाटेवर बनायला लागले, तर माझ्या मुलीला मी काय दाखवू? तुम्ही तसे नाही, हे मान्य. पण मोकळीक सगळ्यांना मिळते, फक्त तुम्हाला नाही.

चाकवाट

आषाढवारी, तुमच्या एकोणीस वर्षांपुढे मी नमस्कारच करतो. तरी एक सांगावंसं वाटतं. वारीला कुणी पायी जातं, कुणी एसटीनं जातं, पांडुरंग दोघांनाही भेटतो. भक्ती पायांतच असते आणि चाकात नसते, असं मला खरंच वाटत नाही. मीही खिंडीत बोलत नाही. कॅमेऱ्याच्या मुद्द्यावर मात्र तुम्ही बरोबर आहात. घड्याळ लावून उतार मारणं या वाटेवर नकोच.

कासारीकाठ

सगळ्यांचं वाचलं. मी या वाटेवरच्याच एका वाडीतला. गावाचं नाव घालत नाही, उगाच भांडण नको.

तुम्ही म्हणताय महाराजांची वाट. हायच. पण ती आमच्या आयाबायांची पण वाट हाय. सकाळी पोरं त्याच वाटेनं शाळेला जात्यात, दुपारी जनावरं येत्यात, संध्याकाळी बायका जळणाचा भारा घेऊन उतरत्यात. गेल्या उन्हाळ्यात माझी चुलती भारा घेऊन वळणावर आली आणि वरनं सायकल आली. चालणाऱ्याचा आवाज येतो, बोलणं येतं, काठी वाजते. सायकलीचा काय आवाज येतो? कायबी न्हाई. पोरानं जोरात ब्रेक मारला, स्वतः झाडीत जाऊन पडला. चुलतीला लागलं न्हाई, पण भारा टाकून ती तिथंच खाली बसली, हातपाय कापायला लागलेले. त्या पोरानं माफी मागितली, पाणी दिलं, चांगला होता बिचारा. पण त्या दिवसापासनं ती एकटी त्या वाटेनं जाईना.

ट्रेकवाल्या दादांना पण सांगतो, राग मानू नका. आषाढात तुमची हजारो माणसं येत्यात. भाताचा तरवा टाकलेला असतो, चिखल चुकवायला लोक बांधावरनं चालत्यात, बांध फुटतो. बाटल्या आणि कागद आम्हीच गोळा करतो. तेव्हा पायानं आलं की पवित्र आणि चाकानं आलं की पाप, असं आम्हाला तरी दिसत न्हाई.

सायकल बंदच करा असं मी म्हणत न्हाई. आम्हाला इचारा, एवढंच म्हणतोय.

घाटमाथा

मी सायकलवाली आहे, तरीही चाकवाट यांच्या विरोधात लिहितेय. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही तिघींनी ही अख्खी वाट सायकलनं करायचा प्रयत्न केला. खरं सांगायचं तर सायकलनं आम्हाला नेलंच नाही, आम्हीच सायकलला नेलं. ओढ्यांचे उतार आणि झाडीतले दगड यांमुळे निम्म्याहून जास्त वेळ चौदा किलोची सायकल खांद्यावर होती. जिथं चालवता येत होतं ते दोनच प्रकारचे टप्पे: एक पठार, दुसरे वाड्यांना जोडणारे कच्चे रस्ते. पठाराचं सड्यावरच्यांनी सांगितलंच आहे. मग उरले कच्चे रस्ते, आणि तिथं सायकलला आजही कुणाची हरकत नाही.

दुसरं कारण गव्याचं. पाटेवाडीच्या पुढे झाडीत मी सगळ्यात पुढे होते. वळण घेतलं तर वीस पावलांवर गवा. एवढं मोठं जनावर इतकं गप्प उभं असतं, हे मला माहीत नव्हतं. तो एकदा फुरफुरला आणि खाली झाडीत घुसला. तो उलटा माझ्याकडे आला असता तर? हा भाग म्हणजे चांदोलीच्या जंगलातून राधानगरीच्या जंगलाकडे जनावरांनी ये-जा करायचा पट्टा आहे. तिथं आवाज न करता वेगानं जाणं त्यांच्यासाठीही वाईट आणि आपल्यासाठीही. त्या दिवसापासून मी हँडलला घुंगरू बांधलंय. पण घुंगरू बांधून त्या झाडीत पुन्हा जायची माझी इच्छा नाही.

चाकवाट

ताई, तुमचं वाचून दोनदा विचार केला. आणि कासारीकाठ, चुलतींचं वाचून वाईट वाटलं. तो मी नव्हतो, पण मी असू शकलो असतो. वळणावर घंटी वाजवायची सवय मला नाही.

पठारावर चाक नको, हे मान्य करतो. सड्यावरच्यांनी सांगितलेली ती रेष माझ्या टायरचीही असेल. झाडीतला टप्पाही सोडला. पण वाड्या-वाड्यांमधल्या कच्च्या रस्त्यांवरून पन्हाळ्यापासून पांढरपाण्यापर्यंत सायकलची एक आखलेली वाट व्हावी, हे मी सोडणार नाही. खिंडीच्या अलीकडे सायकल लावायची आणि शेवटचं अंतर चालत जायचं. मुक्काम वाडीतल्या घरी, जेवण तिथलंच, पैसे त्यांच्या हातात. आज सायकलवाला सकाळी कोल्हापुरातून नाश्ता करून निघतो, संध्याकाळी कोल्हापुरातच जेवतो, आणि वाटेवरच्या एकाही घराला त्याचा दहा रुपयांचा उपयोग होत नाही. हे मला जास्त टोचतं.

आषाढवारी

अशी वाट आखली तर माझा विरोध नाही. खिंडीच्या अलीकडे सायकल थांबते, एवढं पक्कं असलं की झालं. बांधांचं मात्र मनाला लागलं. आमच्या ग्रुपमध्ये या वर्षी आधी हाच विषय काढतो.

सड्यावरचा

मग हे आपसात ठरवून उपयोग नाही, योग्य जागी न्यायला हवं. मसाई पठार, पन्हाळगड आणि विशाळगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीनं हा प्रकार आला, आणि अशा क्षेत्रासाठी व्यवस्थापन समितीची तरतूदही त्यातच आहे. तिच्यावर हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो. म्हणजे "आम्हाला इचारा" हे जे कासारीकाठ म्हणतात, ते कायद्यानंच सांगितलेलं आहे. आधी ग्रामपंचायतींशी बोला, कच्चा नकाशा काढा, मग वनखात्याकडे चला. पठाराच्या कडेनं कुठून वळवता येईल ते मी नकाशावर काढून देतो.

कासारीकाठ

नकाशा मागनं काढा. आधी या. पुढच्या रविवारी आमच्या घरी जेवायलाच या, सायकल पण आणा. चुलतीलाच पुढं घालून त्या वळणावर जाऊ. बायका कुठनं येत्यात, पोरं कुठनं येत्यात, ती दाखवील. तिला विचारूनच काय ती खूण मारू.